इग्वानोडॉनच्या मागे मागे: बाबांसोबत ऑक्सफर्ड, लंडन, ब्रसेल्स

आधी हे सांगते की डायनासोर बघायला परदेशात कशाला जायचं हा प्रश्न मला घरातूनच आला होता. बाबा म्हणाले, "कायले एवढे पैसे घालतं गं, हाडं तं आपल्या इकडंबी सापडतात." आणि ते खरंच आहे. आमचं घर वरोऱ्याला, तिथून पिसदुरा काही लांब नाही, आणि पिसदुऱ्याच्या शेतांमधे जे गोलसर दगड सापडतात ते डायनासोरच्या शेणाचे दगड झालेले गोळे आहेत. त्याच गोळ्यांमधे २००५ साली शास्त्रज्ञांना गवताच्या पेशींमधले सिलिकाचे कण सापडले, तोपर्यंत असं मानायचे की डायनासोरच्या काळात गवत नव्हतंच. म्हणजे जगाची समजूत बदलली ती आमच्या तालुक्याच्या आसपासच्या शेणाने! माझं वेड तिथूनच सुरू झालं, चौथीत असताना बाबांनी सायकलवर नेऊन तो दगड हातात दिला होता. त्यामुळे कधीतरी बाबांना घेऊन मोठी म्युझियम बघायची हे मी नोकरी लागल्यापासून ठरवलं होतं.

बाबा तीस वर्षं कोळसा खाणीत, तेही अंडरग्राउंडला, ओव्हरमन (कामगारांवर देखरेख करणारा) म्हणून रिटायर झाले. आता वय ६८. आईने सरळ नाही म्हटलं, तिचे गुडघे एवढं चालू देणार नाहीत, म्हणून आम्ही दोघंच. हे सगळं सप्टेंबर २०२३ चं.

प्लॅनिंग

पहिली यादी केली तेव्हा त्यात लंडन, ऑक्सफर्ड, पॅरिस, ब्रसेल्स, फ्रँकफर्ट, बर्लिन सगळं होतं. आठ दिवसात हे होत नाही, केलं तरी बाबांचे हाल. बर्लिन काढताना फार जड गेलं कारण तिथे जिराफाटायटन उभा आहे, १३.२७ मीटर उंच, उभा केलेला जगातला सगळ्यात उंच डायनासोरचा सांगाडा. पण मग एक दिवस नकाशा बघता बघता लक्षात आलं की एकाच प्राण्याच्या मागे गेलं तर? इग्वानोडॉन. टी-रेक्ससारखा प्रसिद्ध नाही, झाडपाला खाणारा, पण हा प्राणी दिसायचा कसा याबद्दल माणसांनी दोनदा मत बदललं आणि ती तिन्ही मतं आजही बघायला मिळतात, सिमेंटमधे, हाडांमधे, आणि हे सगळं लंडन आणि ब्रसेल्स एवढ्यातच. ठरलं.

व्हिसाचं मात्र आधीच समजून घ्या. ब्रिटनचा व्हिसा वेगळा, बेल्जियमसाठी शेंगेन वेगळा, एकावर दुसरीकडे जाता येत नाही, आणि आमच्या वेळी दोन्हीकडे पासपोर्ट त्यांच्याकडे ठेवून घ्यायचे म्हणून एक झाल्यावरच दुसरा. आम्ही आधी ब्रिटनचा केला, पासपोर्ट परत आल्यावर शेंगेनचा, आणि सगळं मिळून अडीच महिने हातात ठेवले होते ते बरं झालं. शेंगेनला किमान ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतोच. बाबांच्या पेन्शनच्या स्टेटमेंटवर बँकेचा शिक्का राहिला होता त्यासाठी परत एक फेरी झाली. विमानाचं तिकीट मुंबई ते लंडन आणि परत ब्रसेल्सहून मुंबई असं काढलं, परत लंडनला यायची गरज नाही, एक दिवस वाचतो.

दुसरी गोष्ट वार. ब्रसेल्सचं म्युझियम सोमवारी बंद असतं. लंडनचं रोज उघडं असतं, फक्त २४ ते २६ डिसेंबर बंद, आणि फुकट आहे पण वेबसाइटवरून वेळेचा स्लॉट घेऊन ठेवावा. सप्टेंबर यासाठी की तिकडच्या शाळा सुरू झालेल्या असतात, गर्दी कमी. खाण्याचं म्हणाल तर चिवडा, जवसाची चटणी, खाकरे नेले. पेढे आईने केले होते ते घरीच ठेवले, ब्रिटनमधे बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत.

दिवस पहिला, सोमवार

मुंबईहून थेट विमान, लंडनला दुपारी पोचलो. हॉटेल स्वस्तातलं, लिफ्ट बंद आणि खोली चौथ्या मजल्यावर. मी काउंटरवर बोलत होते तोवर बाबा बॅग घेऊन वर निघाले पण. त्या दिवशी फक्त झोप.

दिवस दुसरा, ऑक्सफर्ड

पॅडिंग्टनहून ट्रेन, साधारण तासाभराचा प्रवास. सुरुवात इथून करायची कारण डायनासोर या विषयाचीच सुरुवात इथून झाली. इथल्या विल्यम बकलंड या प्रोफेसरने १८२४ मधे मेगालोसॉरसचं वर्णन छापलं, शास्त्रीय नाव मिळालेला हा पहिला डायनासोर, तेव्हा तर डायनासोर हा शब्दही नव्हता. त्याचा जबडा ऑक्सफर्डच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममधे आहे. खालच्या जबड्याचा तुकडा, वाकडे सुरीसारखे दात, आणि मागून नवे दात वर येताना दिसतात. मी एवढी वर्षं फोटोत बघितलेला, वाटलेलं मोठा असेल, हातभराचा पण नाही. मी काचेला चिकटून किती वेळ उभी होते कोण जाणे.

बाबांचं लक्ष मात्र दुसरीकडे. हा जबडा आला स्टोन्सफील्ड गावातून, आणि तिथे छपराला लावायच्या पातळ फरश्यांसाठी जमिनीखाली खाणी होत्या. दगड काढून वर आणायचा, ओला ठेवायचा, आणि हिवाळ्यात कडक थंडी पडली की आतलं पाणी गोठून दगड आपोआप थर सुटून फुटतो. हे मी त्यांना समजावून सांगितलं तेव्हा ते एकदम खूष, "म्हणजे बारुद नाही, घण नाही, थंडीच काम करते!" आणि खाणीतले कामगार सापडलेली हाडं जपून ठेवायचे, प्रोफेसर लोकांना विकायचे. "मंग शोध कोणाचा?" बाबांनी विचारलं. मी म्हटलं नाव बकलंडचं. ते काही बोलले नाहीत.

म्युझियमची इमारतच बघण्यासारखी, १८६० ची, वर काचेचं छप्पर आणि लोखंडी कमानी, आणि भोवतालचे खांब वेगवेगळ्या ब्रिटिश दगडांचे, बाबांनी जवळजवळ प्रत्येक खांबाला हात लावून बघितला. मधल्या हॉलमधे टी-रेक्सच्या शेजारी इग्वानोडॉन उभा आहे, ती प्रतिकृती आहे, मूळ हाडं ब्रसेल्सची. मी बाबांना म्हटलं याला नीट बघून ठेवा, खऱ्याची भेट रविवारी.

दिवस तिसरा, क्रिस्टल पॅलेस

हा दिवस सगळ्यात शांत गेला. दक्षिण लंडनमधे क्रिस्टल पॅलेस नावाची बाग आहे, व्हिक्टोरियाहून ट्रेन जाते, तिकीट नाही काही नाही. तिथे तळ्यातल्या बेटांवर १८५४ सालचे डायनासोर उभे आहेत. वॉटरहाउस हॉकिन्स या शिल्पकाराने केलेले, लोखंड, विटा आणि सिमेंटचे, खऱ्या आकाराचे. डायनासोर एवढे मोठे करून लोकांसमोर उभे करायचा जगातला हा पहिला प्रयत्न होता. सल्ला रिचर्ड ओवेन या शास्त्रज्ञाचा. १८४२ मधे डायनासोर हा शब्द बनवला तो याच ओवेनने, आणि तेव्हा त्याच्यासमोर तीनच प्राणी होते, मेगालोसॉरस, इग्वानोडॉन आणि हायलिओसॉरस. ते तिघंही त्या बेटावर आहेत! अख्खं डायनासोर कुळ तेव्हा एवढंच.

इग्वानोडॉन दोन आहेत. चार पायांवर, जाडजूड, गेंड्यासारखे, आणि नाकावर शिंग. हे पहिलं मत. नाकावर शिंग कुठून आलं तर गिडियन मँटेल नावाचा ससेक्समधला डॉक्टर होता, त्याला आधी फक्त दात मिळाले, ते इग्वाना सरड्यासारखे दिसले म्हणून १८२५ मधे त्याने इग्वानोडॉन नाव दिलं. मग १८३४ ला मेडस्टोनच्या दगडखाणीतून हाडांचा एक मोठा तुकडा मिळाला, त्यात एक टोकदार हाड सुटं होतं, त्याने ते चित्रात नाकावर बसवलं. सुट्या हाडावरून अजून काय करणार होता तो? मला मँटेलबद्दल फार माया आहे. पेशंट सांभाळून रात्री दगड फोडत बसायचा, आणि पुढे पुढे त्याच्या लक्षातही आलं होतं की याचे पुढचे पाय बारीक आहेत, हा गेंड्यासारखा नसणार. पण १८५२ मधे तो गेला आणि पुतळे झाले ओवेनच्या मताप्रमाणे. ३१ डिसेंबर १८५३ च्या रात्री तर इग्वानोडॉनच्या साच्यात टेबल मांडून मोठ्या लोकांना जेवण दिलं होतं.

पुतळ्यांना तडे गेलेत, २०२० मधे मेगालोसॉरसच्या तोंडाचा पुढचा भाग गळून पडला होता, तो परत बसवलाय. बेटावर जाऊ देत नाहीत, लांबून बघायचं. बदकं पोहत होती, पाऊस भुरभुर चालू होता, आणि आम्ही बाकावर छत्री धरून खाकरा आणि जवसाची चटणी खाल्ली. बाबा म्हणाले, "चुकलेलं आहे तं पाडून कायले नाही टाकलं?" मी म्हटलं चुकलं कसं हे दिसावं म्हणूनच ठेवलंय. खरं तर हे उत्तर मी तिथल्या तिथे दिलं, पण आता मला तेच पटतं.

दिवस चौथा आणि पाचवा, लंडनचं नॅचरल हिस्ट्री म्युझियम

दोन दिवस दिले आणि तरी कमी पडले. साउथ केन्सिंग्टन स्टेशनवर उतरून चालत. इमारत १८८१ ची, बाहेरून आतून सगळीकडे टेराकोटा, त्यावर माकडं, मासे, पानं कोरलेली. मधल्या मोठ्या हॉलमधे आता निळ्या देवमाशाचा सांगाडा टांगलेला आहे, २५ मीटरचा, आधी तिथे डिप्पी नावाचा डिप्लोडोकस होता तो २०१७ मधे काढला. मला डिप्पी बघायचा होता, पण देवमाशाखाली उभं राहिल्यावर ती तक्रार राहिली नाही.

डायनासोरच्या गॅलरीबद्दल मोकळं बोलायचं तर ती लहान मुलांसाठी छान आहे, अंधार, हलणारा ओरडणारा टी-रेक्स, आणि मागून लोकांचा रेटा. मोठ्यांनी खरं बघायचं ते बाहेर आहे. एक म्हणजे एक्झिबिशन रोडच्या दाराशी सोफी, स्टेगोसॉरस, ३०० च्या वर खरी हाडं, या जातीचा एवढा पूर्ण सांगाडा दुसरा नाही. दुसरं म्हणजे समुद्री सरपटणाऱ्या प्राण्यांची भिंत, हे डायनासोर नाहीत पण ते सोडून जाऊ नका कारण त्यातले काही मेरी अॅनिंगने काढलेत, सुताराची मुलगी, शिक्षण नाही, लाइम रेजिसच्या कड्याखाली लाटा आणि दरडी सांभाळत तिने हे प्राणी काढले आणि पोटासाठी विकले.

आणि तिसरं, वरच्या ट्रेझर्स गॅलरीत मँटेलचे इग्वानोडॉनचे दात. झिजलेले, तपकिरी, कडेला करवतीसारखे दाते. शेजारच्या लोकांना आर्किऑप्टेरिक्स बघायचा होता, तो पक्ष्यासारखे पंख असलेला प्रसिद्ध जीवाश्म, बरोबरच आहे, पण मी दातांपाशीच थांबले. त्या सिमेंटच्या दोन धुडांची सुरुवात एवढ्याशा दातांतून झाली होती. मग खाली हॉलमधे मँटेलिसॉरस बघितला, इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट या बेटावर सापडलेला, आधी इग्वानोडॉनमधेच धरायचे, २००७ मधे वेगळा करून मँटेलचं नाव दिलं. पाठ जमिनीला समांतर, शेपूट मागे ताठ. हे आत्ताचं, तिसरं मत.

बाबांना सगळ्यात आवडला बॅरिओनिक्स. १९८३ मधे विल्यम वॉकर नावाच्या प्लंबरला इंग्लंडच्या सरे परगण्यात मातीच्या खाणीत याचं नख सापडलं, फूटभर लांब, आणि या वेळी प्राण्याच्या नावातच त्याचं नाव घातलं, बॅरिओनिक्स वॉकेराय. बाबा म्हणाले, "हे बरं केलं." ऑक्सफर्डपासून ते मनात होतं म्हणायचं.

पाचव्या दिवशी तिकीट काढून टायटनोसॉरचं, म्हणजे लांब मानेच्या प्रचंड डायनासोरांच्या कुळाचं, प्रदर्शन बघितलं, तेव्हा ते चालू होतं, अर्जेंटिनातल्या पॅटागोटायटनची पूर्ण प्रतिकृती, ३७ मीटर. मांडीचं एक हाड माझ्यापेक्षा कितीतरी उंच. आता इथे मला एकदम घरची आठवण झाली कारण टायटनोसॉरस हे नाव पहिल्यांदा दिलं गेलं ते भारतातल्या हाडांना, जबलपूरला स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याला १८२८ मधे सापडलेली शेपटीची हाडं, १८७७ मधे लिडेकर या शास्त्रज्ञाने नाव दिलं टायटनोसॉरस इंडिकस. पिसदुऱ्याचे गोळेसुद्धा याच कुळातल्या प्राण्यांचे मानतात. आणि नागपूरचे हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे, त्यांनी नागपूरच्या दक्षिणेला मांगलीत मिळालेली एका उभयचर प्राण्याची कवटी इकडे पाठवली होती, तिचं वर्णन केलं ते याच ओवेनने. मी बाबांना हे सगळं तिथेच उभं राहून सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं की आपल्याकडे असं म्युझियम वरोऱ्याला का नाही. मला उत्तर देता आलं नाही, आणि खरंच का नाही? गावातल्या पोरांना तो दगड ओळखता यावा एवढी एक खोली तरी पाहिजे.

दिवस सहावा, शनिवार

सेंट पँक्रसहून युरोस्टार, दोन तासात ब्रसेल्स. इमिग्रेशन लंडनलाच होतं, त्यामुळे दीड तास आधी पोचा. समुद्राखालच्या बोगद्यात बाबा खिडकीला डोकं लावून बसले होते, बाहेर काही दिसत नव्हतं. हॉटेल लक्झेंबर्ग स्टेशनजवळ घेतलं, तिथून म्युझियम चालत. संध्याकाळी बटाट्याचे गरम फ्राइज, बाबांनी त्यावर जवसाची चटणी टाकली.

दिवस सातवा, रविवार, ब्रसेल्स

ज्याच्यासाठी सगळा घाट घातला तो दिवस.

१८७८ मधे बेल्जियममधे फ्रान्सच्या सीमेजवळ बेर्निसार गावात कोळशाच्या खाणीत ३२२ मीटर खाली कामगार गॅलरी (खाणीतला आडवा बोगदा) पुढे नेत होते. कोळशाचा थर अचानक संपला आणि माती लागली. मातीत लांब लांब काहीतरी, त्यांना वाटलं झाडाचे बुंधे, आणि आत सोनं चमकतंय. सोनं नव्हतं, पायराइट (लोखंड आणि गंधकाचं खनिज) होतं, आणि बुंधे म्हणजे इग्वानोडॉनची हाडं. पुढे तीन वर्षात ३० च्या वर सांगाडे निघाले. मधे खाणीत पाणी भरलं, काम महिनोन्महिने बंद पडलं. हाडं प्लास्टरमधे गुंडाळून सुमारे ६०० तुकड्यांत वर आणली, वजन १३० टन.

ते आता म्युझियमच्या मोठ्या गॅलरीत एका प्रचंड काचेच्या घरात उभे आहेत. एक नाही, रांगच्या रांग, मागच्या पायांवर उभे, डोकी वर, शेपट्या जमिनीवर टेकलेल्या, सगळे जणू एकाच दिशेला निघालेत. हे दुसरं मत, ज्याने हे सांगाडे उभे केले त्या लुई डोलो या शास्त्रज्ञाचं. त्याला पूर्ण सांगाडे मिळाले म्हणून कळलं की नाकावरचं शिंग म्हणजे हाताचा अंगठा! दोन्ही हातांना एकेक. आणि उभं करताना त्याने कांगारूच्या जातीतल्या वॉलबीचा आणि कॅसोवरी पक्ष्याचा सांगाडा समोर ठेवला होता. पण शेपटीच्या बाजूने हाड झालेले स्नायूबंध आहेत, त्यामुळे ती खरं तर वाकतच नाही, उभं करायचं म्हणून मोडून वाकवावी लागली. १९८० मधे डेव्हिड नॉर्मन या शास्त्रज्ञाने ते नीट दाखवून दिलं. तरी उभी पोझ बदललेली नाही कारण हाडं आता इतकी नाजूक आहेत की हलवायची सोय नाही.

नाजूक का, ते बाबांनी मला सांगितलं, मी त्यांना नाही. बोर्डवर पायराइट शब्द वाचला आणि म्हणाले हे तर आपल्या कोळशात पण असतं, पिवळं चमकणारं, हवा आणि ओल लागली की ते फुगतं, गरम होतं, गंधकाचा वास सुटतो, खाणीत आपोआप आग लागते त्याला ते पण एक कारण. खाली ३२२ मीटरवर हवा नाही तोवर हाडं ठीक होती, वर आणली आणि आतून फुटायला लागली. म्हणून १९३० च्या दशकात सगळे सांगाडे खोलून त्यात शेलॅक (लाखेचं द्रावण) मुरवलं आणि काचेत ठेवलं. मी हे पुस्तकात वाचलं होतं, पण त्यांनी बोटं चोळून त्या भुग्याचा वास कसा येतो ते सांगितलं तेव्हा मला कळलं.

खालच्या मजल्यावर बाकीचे सांगाडे आहेत, ते उभे केलेले नाहीत, जसे खाणीत सापडले तसेच ठेवलेत, माना वळलेल्या, पाय दुमडलेले, एकावर एक. तिथे उजेड कमी आहे, लोक पण कमी येतात. बाबा तिथे जाऊन जे उभे राहिले ते राहिलेच. मी दोनदा वर जाऊन आले. मग त्यांनी खिशातली छोटी वही काढली, ते रिटायर झाल्यावर पण ठेवतात, आणि त्यात खाणीतल्या गॅलरीचा सेक्शन, म्हणजे छेदाचं चित्र, काढायला लागले, थर कसा खचला असेल, माती कुठून आली, टेकू कुठे लावले असतील. मला म्हणाले, "ज्यानं पहिला घाव घातला ना, त्याले कळलं असंन. कोळशाचा आवाज वेगळा येते, मातीचा वेगळा. तो थांबला म्हणून हे वाचलं. टनेजच्या मागे असता तं सगळं ट्रॉलीत गेलं असतं."

मी विचारलं तुम्हाला कधी असं काही लागलं होतं का. पानांचे ठसे खूप, म्हणाले, छतात यायचे, कॅप लॅम्पच्या उजेडात लखलखीत दिसायचे, एकदा एक स्लॅब वर आणायचा म्हणून बाजूला काढून ठेवला होता पण दुसऱ्या शिफ्टला मिळाला नाही. हे त्यांनी मला तीस वर्षात कधी सांगितलं नव्हतं.

बंद व्हायची सूचना झाली तेव्हाच निघालो.

दिवस आठवा, सोमवार

सकाळी वेळ होता, म्युझियम बंद, तरी बाबा म्हणाले चल एक चक्कर मारून येऊ. बाहेरच्या बागेत फिरलो, तळ्यात बगळा उभा होता. दुपारचं विमान, मधे एक थांबा, मंगळवारी पहाटे मुंबई. विमानात त्यांनी वहीतलं ते चित्र परत काढलं, या वेळी मापं घालून, खाली लिहिलं "बेर्निसार, ३२२ मी.", आणि मला विचारलं की पिसदुऱ्याला पाऊस संपल्यावर जाऊ का, नांगरटीनंतर दगड वर येतात.